वाळू खाली बसेपर्यंत

फैजपुरात, नेहेते सरांच्या बंगल्यामागे,
जिथे केळीच्या खोडांचा ढीग कुजत पडायचा,
तिथे आता अठरा बाय तीस फुटांचं
न उगवलेलं गवत आहे.
तीन भोकं. प्रत्येकात एक पांढरा डबा.
काम माझं, जळगावहून.
आजवर क्रिकेटची जाळीबंद मैदानंच अंथरली,
गोल्फचं हे पहिलं.

वाळू गुजरातेतून आली,
धुतलेली, चाळलेली, वाळवलेली, चाळीस गोण्या.
चोपड्याकडच्या सुपडूने एकीचं तोंड सोडलं,
चिमूट घेतली, बोटांतून सोडली:
"हाई रेती शे का रवा?"
त्याच्या ओळखीची वाळू तापीची,
शिंपले, कोळसा, कधी बांगडीचा तुकडा घेऊन येणारी.
हिच्यात काहीच नव्हतं.
हिला कुठल्याच नदीचा वास नव्हता.

पहाटे पाचलाच लागलो. मे महिना,
नऊनंतर हे गवत तव्यासारखं पोळतं.
पहिला थर पातळ.
पाभरीसारखी गाडी, तळाला फट,
सरळ जायचं, कडेला वळायचं.
"पेरनी शे," सुपडू म्हणाला, आणि गप्प झाला.
काय पेरतोय ते मलाही सांगता आलं नसतं.

मग ब्रश, लवेच्या उलट्या अंगाने.
वाळू पात्यांच्या मुळाशी उतरते.
मुळं नाहीत, पण दुसरा शब्द सापडत नाही.
घाई केली तर पाती वाळूखाली निजतात
आणि मग उठत नाहीत.
हे ऐकून सुपडूने चप्पल काढून ठेवली.

दुसरा थर. ब्रश. तिसरा. ब्रश.
हिरवं कमी कमी होत गेलं.
गच्चीवरून सर ओरडले,
"पैसे गवताचे घेतले की वाळूचे?"
मी नुसता हसलो. वाळूचेच, सर.
गवत काय, दिसण्यापुरतं.
चेंडूला धरून असते ती ही.

साडेसातला ते उतरले, पायजम्यात, हातात काठी
(चालायची नव्हे, ती).
चेंडू सरळ निघाला
आणि भोकाच्या हातभर अलीकडे,
कुणी हाक मारल्यासारखा, डावीकडे वळला.
पुन्हा मारला. पुन्हा तिथेच.
मी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.
फीत लावली. कागद उलगडला.
कागदावर सगळं बरोबर होतं.

सुपडू पालथा झाला,
गाल वाळूला टेकवून, एक डोळा मिटून.
ठिबक यायच्या आधीची बारा वर्षं
रात्रीची लाईट आली की त्याने केळीला पाणी भरलं,
काळोखात, नुसत्या आवाजावर:
कुठल्या सरीत अडलं, कुठे बांध फुटला.
"आठे," त्याने बोट ठेवलं, "आठे पानी थांबस."

पाण्याचा टिपूस नव्हता तिथे.

मूठभर वाळू, तेवढ्याच जागेवर,
मनगट हलवत, भाकरीच्या पिठात मीठ घालावं तशी.
ब्रश. अजून अर्धी मूठ. ब्रश.
सरांनी मारला.
चेंडू त्या जागेशी आला, जरा घुटमळला,
आणि गेला.
डब्यात टण्ण.

"तूपण मार," सरांनी काठी पुढे केली.
सुपडूने हात पँटला पुसले,
कुदळ धरावी तशी ती धरली,
आणि चेंडू कंपाउंडवरून थेट
शेजारच्या केळीबागेत.
आम्ही तिघं भिंतीला छाती लावून
कितीतरी वेळ पानांकडे बघत राहिलो.
एकही पान हललं नाही.

सात गोण्या उरल्या. त्या तिथेच ठेवल्या, ताडपत्रीखाली.
वाळू महिनाभर बसत राहते,
मग पुन्हा थोडी घालावी लागते, असं सरांना सांगितलं.
"आणि मग?"
मग पुन्हा बसते.

तापीच्या पुलाआधी चहाला थांबलो.
सुपडूने पँटची दुमड सोडली,
चिमूटभर पांढरं रस्त्यावर सांडलं.
"गुजरातनी," मी म्हणालो.
त्याने पायाने ती सारखी केली, लवेच्या उलट्या अंगाने,
"आते आठली."